निघालेले आणि राहिलेले : ६६ क्रमांकाच्या महामार्गावर एक दिवस

अमेरिकेचा ६६ क्रमांकाचा महामार्ग सरकारी दप्तरी आज अस्तित्वात नाही. २७ जून १९८५ रोजी तो राष्ट्रीय महामार्गांच्या यादीतून काढून टाकण्यात आला. परंतु ज्या रस्त्याला अधिकृत क्रमांक उरलेला नाही, त्याच्यावर सहली निघतात, भाड्याच्या मोटारसायकली आणि वाटाडे मिळतात, आणि कडेच्या तपकिरी पाट्यांवर त्या रद्द झालेल्या आकड्याच्या जोडीला ‘ऐतिहासिक’ हे विशेषण वाचायला मिळते. हे विशेषण कोणी लावले, कशासाठी लावले आणि ते लावताना कोण बाहेर राहिले, हे प्रश्न आमच्या मनात २०१८ च्या सप्टेंबरातील एका दिवसाने उभे केले. अ‍ॅरिझोना राज्यातील विल्यम्स या गावापासून कोलोरॅडो नदीच्या पलीकडच्या नीडल्सपर्यंतचा तो प्रवास होता. त्यातला प्रवास कमी आणि इतिहास अधिक असा हा लेख आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. १९२६ साली अमेरिकेने महामार्गांना क्रमांक देण्याची पद्धत स्वीकारली. ओक्लाहोमातील टल्सा शहराचे सायरस एव्हरी हे त्या खटपटीतले प्रमुख गृहस्थ. त्यांना आपल्या रस्त्यासाठी ६० हा आकडा हवा होता. केंटकीने हरकत घेतली, आणि तडजोडीत ६६ पदरात पडला. शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंत, आठ राज्यांतून, सुमारे ३,९०० किलोमीटर. हा रस्ता कोणी आखून नव्याने बांधलेला नव्हता. आधीच्या गाडीवाटा, गावांचे मुख्य रस्ते, रेल्वेच्या कडेने गेलेल्या पायवाटा यांची ती एका आकड्याच्या दोऱ्याने शिवलेली गोधडी होती. तो संपूर्ण डांबरी व्हायला १९३८ उजाडले. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला सुरुवात झाली आणि या गोधडीचे एकेक ठिगळ बाजूला पडत गेले. सर्वांत शेवटी वगळले गेलेले गाव म्हणजे विल्यम्स, १३ ऑक्टोबर १९८४. आमचा दिवस सुरू झाला तो याच गावात.

ताफ्यात अकरा मोटारसायकली होत्या. बहुतेक स्वार युरोपातले, पन्नाशी ओलांडलेले, आयुष्यभराच्या बचतीतून हौस पुरी करायला आलेले. आम्हांला दुचाकीचा सराव असला तरी त्या अवजड यंत्राचा नव्हता, म्हणून मित्राच्या मागे बसण्याची भूमिका आम्ही आनंदाने पत्करली होती. निरीक्षणाला ती जागा उत्तम. निघण्यापूर्वी वाटाड्याने नियम सांगितले. दोन समांतर रांगा, पण एकाआड एक, म्हणजे कोणाच्याही थेट पुढे कोणी नाही. एकमेकांना ओलांडायचे नाही. पुढच्याने हाताने केलेली खूण प्रत्येकाने मागच्याला पोचवायची. सर्वांत पुढे वाटाड्या, सर्वांत मागे सामानाची व्हॅन. हा सगळा थाट पाहून आम्हांला पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीची आठवण झाली: पताकाधारी पुढे, आणि मागच्या प्रत्येकाची जागा ठरलेली. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द त्या सकाळी वाटाड्याच्या तोंडून पाच-सहा वेळा आला. स्वातंत्र्याला एवढी शिस्त लागते हे आम्हांला नवे होते. असो.

पहिला थांबा सेलिगमन. या गावाचे आधीचे नाव प्रेस्कॉट जंक्शन. १८८६ साली रेल्वेला भांडवल पुरवणाऱ्या न्यूयॉर्कच्या पेढीतील जेसी सेलिगमन यांचे नाव त्याला देण्यात आले. रेल्वेने जन्माला घातलेले आणि महामार्गाने पोसलेले हे गाव २२ सप्टेंबर १९७८ रोजी उपाशी पडले. त्या दिवशी शेजारून जाणारा नवा आंतरराज्य महामार्ग खुला झाला आणि गावातली वाहतूक जवळजवळ एका दिवसात थांबली. गावचे न्हावी एंजल डेलगाडियो यांनी ही हकिकत पुढे असंख्य मुलाखतींत सांगितली. १९२७ साली याच गावात जन्मलेल्या या गृहस्थांनी १९८७ मध्ये आसपासच्या गावकऱ्यांना आणि दुकानदारांना जमवून एक संघटना स्थापन केली, राज्य सरकारच्या मागे लागून सेलिगमन ते किंगमन हा तुकडा ‘ऐतिहासिक’ म्हणून घोषित करून घेतला. पुढे इतर राज्यांतही अशा संघटना झाल्या. २००६ साली आलेल्या ‘कार्स’ या चित्रपटाच्या तयारीत दिग्दर्शक जॉन लॅसेटर त्यांना भेटून गेले होते. त्यामुळे आज लहान मुलेही या रस्त्याला ओळखतात.

म्हणजे ‘ऐतिहासिक’ हे विशेषण कोणा इतिहासकाराने दिलेले नाही. ते पोटाने मागितले. त्यात कमीपणा काही नाही. जगातली बहुतेक स्मारके राजांच्या अहंकाराने मागितलेली आहेत, त्यापेक्षा न्हाव्याच्या पोटाने मागितलेले स्मारक आम्हांला अधिक आदरणीय वाटते. डेलगाडियो कुटुंबाची एक गोष्ट तर या रस्त्याच्या साऱ्या स्मरणवस्तूंहून मोलाची आहे. १९३० नंतरच्या महामंदीत हे मेक्सिकन वंशाचे कुटुंबही गाडी सज्ज करून, घर बंद करून कॅलिफोर्नियाला निघण्याच्या बेतात होते. मुलांच्या वाद्यवृंदाला आयत्या वेळी काम मिळाले म्हणून ते राहिले. थोरला भाऊ हुआन याने १९५३ मध्ये गावात खाद्यपेयांचे जे गमतीदार दुकान काढले, त्याच्यासमोर आमच्या ताफ्याने अर्धा तास छायाचित्रे काढली. ते दुकान उभे आहे ते राहून गेलेल्या माणसांमुळे. आपण मात्र तिथे निघून गेलेल्यांची आठवण काढायला जातो.

कारण या रस्त्याची कीर्ती निघालेल्यांवर उभी आहे. इंग्रजी साहित्याच्या आपल्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक असते ती जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीतून. १४ एप्रिल १९३९ रोजी प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीनेच ६६ ला ‘मदर रोड’ हे नाव दिले. त्या दशकात दुष्काळ, धुळीची वादळे, कापसाचे कोसळलेले भाव आणि ट्रॅक्टर यांनी उखडलेली सुमारे तीन लाख माणसे ओक्लाहोमा, टेक्सास, अर्कान्सास आणि मिझुरी या राज्यांतून कॅलिफोर्नियाकडे गेली; त्यांतल्या फार मोठ्या भागाचा मार्ग हाच. आमच्या वाटाड्यानेही सेलिगमनच्या उपाहारगृहात कॉफी पिता पिता जोड कुटुंबाची गोष्ट सांगितली, आणि चांगली सांगितली. मोडक्या ट्रकवर लादलेल्या गाद्या, वाटेत मेलेले आजोबा, टायरसाठी घासाघीस. ऐकताना स्वारांचे चेहरे गंभीर झाले. मग सर्वांनी हातमोजे चढवले आणि कोणी ज्या रस्त्यावरून भुकेने गेले, त्यावरून आम्ही हौसेने निघालो. हा विरोधाभास इतका उघड आहे की त्यावर फार बोलण्यात अर्थ नाही. तीर्थयात्रा अशाच असतात.

सेलिगमननंतर आंतरराज्य महामार्ग दूर दक्षिणेला जातो आणि जुना रस्ता एकटा पडतो. किंगमनपर्यंत सुमारे १४० किलोमीटर. पिवळे गवत, बुटकी जुनिपर झाडे, उजवीकडे लांबवर बसकी पठारे, आणि जवळपास सारा वेळ सोबतीला रेल्वे. मैलभर लांबीच्या मालगाड्या जात होत्या. कडेला एका पाठोपाठ एक अशा लाल लहान पाट्या लागतात. प्रत्येकीवर एकेक ओळ, पाच-सहा पाट्यांत एक विनोदी पद्य पुरे होते. बर्मा-शेव्ह या दाढीच्या साबणाची ही जुनी जाहिरातपद्धती १९६३ पर्यंत अमेरिकाभर चालली. स्वारांना त्या पाहून मोठा आनंद झाला. गंमत अशी की ज्या मोजक्या राज्यांत वाहनांची वर्दळ पुरेशी नाही म्हणून कंपनीने त्या काळी पाट्या लावल्याच नाहीत, त्यांत अ‍ॅरिझोना होते. आजच्या पाट्या नंतर हौसेने उभारलेल्या. इथे कधी नसलेल्या भूतकाळाचीही आठवण येऊ शकते, हे त्या रस्त्यावर फार सहज पटते.

या वाटेवर मध्यावर पीच स्प्रिंग्ज लागते. आमच्या वेळापत्रकात तिथे थांबा नव्हता. ताफ्यातील एका स्वाराच्या सामानाचा पट्टा सैल झाला म्हणून सात-आठ मिनिटे मिळाली. समोर १९२९ च्या सुमाराचा, आता बंद असलेला एक जुना पेट्रोलपंप होता. त्याची छायाचित्रे निघाली. गाव मात्र कोणी विचारले नाही. हे हुआलापाय लोकांचे मुख्य गाव आहे. हुआलापाय या शब्दाचा अर्थ उंच पाइन वृक्षांची माणसे. हा प्रदेश त्यांचा आहे. महामार्ग, त्याआधीची रेल्वे, त्याआधीची गाडीवाट, सगळे त्यांच्या पाण्याच्या झऱ्यांना धरून गेले आहे, कारण या रखरखाटात पाणी जिथे आहे तिथूनच वाट जाऊ शकते.

गाडीवाटेची हकिकत मोठी विलक्षण आहे. १८५७ साली एडवर्ड बील या अधिकाऱ्याने पस्तिसाव्या अक्षांशालगत वाट आखण्यासाठी जी मोहीम काढली, तिच्यात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून आणलेले पंचवीस उंट होते आणि त्यांना हाकायला तिकडचेच उंटवाले. त्यांपैकी हाजी अली याचे नाव अमेरिकनांच्या जिभेवर ‘हाय जॉली’ झाले आणि तो तिकडेच वृद्ध होऊन वारला. उंट कोलोरॅडो नदी पोहून पार झाले. बीलची ती वाट, मग रेल्वे, मग ६६ अशी ही वंशावळ आहे. वाट आली तसे लष्कर आले, खाणवाले आले, गुरे आली; झऱ्यांवरून लढाई झाली. हुआलापाय हरले. १८७१ मध्ये आजच्या किंगमनजवळच्या बील स्प्रिंग्ज येथे छावणी झाली, तिथे त्यांना गोळा करण्यात आले, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये तिथून दक्षिणेला, नदीकाठच्या ला पाझ या ठिकाणी चालवत नेण्यात आले. डोंगरातल्या थंड हवेची ही माणसे त्या भाजणाऱ्या खोऱ्यात रोगराईने आणि उपासमारीने मेली. वर्षभराने, १८७५ मध्ये, उरलेले पळून परत आले. परत येईपर्यंत झऱ्यांवर दुसरे बसले होते. १८८३ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या आदेशाने राखीव प्रदेश ठरला खरा, पण त्याच्या पोटातल्या जमिनीवर रेल्वेचा दावा होता. १८६६ च्या कायद्याने रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे बहाल झाले होते. पीच स्प्रिंग्जचा झराही त्या वादात सापडला.

पुढे साठ वर्षांनी जे घडले ते या रस्त्याच्या कोणत्याही गाइडपुस्तकात पहिल्या पानावर असायला हवे होते. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून जाऊन आलेला फ्रेड महोन हा हुआलापाय तरुण गावी परतला आणि म्हाताऱ्यांच्या साक्षी गोळा करू लागला. कोणता झरा कोणत्या कुटुंबाचा, कोणत्या खबदाडीत कोण मका लावत असे, कोणाला कुठे जाळले. रेल्वेच्या बाजूचे म्हणणे थोडक्यात असे होते की हे लोक भटके. भटक्यांची जमीन कोणती? या युक्तिवादाला म्हाताऱ्यांनी स्थळनामांनी उत्तर दिले. अंतर्गत व्यवहार खात्यातील कायदेपंडित फीलिक्स कोहेन यांनी ते कायद्याच्या भाषेत मांडले. खालच्या न्यायालयांत रेल्वे जिंकली. ८ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांचे. त्याचा आशय असा की पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीतून जमिनीवर हक्क निर्माण होतो, त्याला सरकारच्या तहाची किंवा कायद्याची पूर्वमान्यता लागत नाही. आणि १८७४ मध्ये बळाने हाकलून नेलेल्या माणसांनी जमीन स्वखुशीने सोडली असे म्हणता येणार नाही. विजय अपुरा होता. राखीव प्रदेश स्वीकारल्यामुळे त्याबाहेरच्या जमिनीवरचा हक्क संपला, असेही त्याच निकालाने ठरवले. तरी त्याची झेप मोठी ठरली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयातील १९७३ च्या काल्डर खटल्यातही त्याचा आधार घेतला गेला. युद्धाच्या बातम्यांखाली त्या दिवशी तो झाकला गेला, आणि पुढेही झाकलेलाच राहिला.

आता कादंबरीकडे वळू. जोड कुटुंब या भूमीतून गेले. स्टाइनबेक यांनी अ‍ॅरिझोना मोजक्या परिच्छेदांत ओलांडले आहे. ट्रक घाईत आहे, सीमेवरचा पहारेकरी थांबू देणार नाही, वाळवंट रात्रीच पार करायचे आहे. कथानकाच्या दृष्टीने ही घाई अगदी योग्य. पण त्याच कादंबरीच्या सुरुवातीच्या एका प्रकरणात, जमिनीवरून काढले जाणारे कुळवाडी आपला हक्क सांगताना म्हणतात की आजोबांनी ही जमीन घेतली तेव्हा त्यांना इंडियन मारावे आणि हुसकावे लागले होते. हक्काचा पुरावा म्हणून ते हे सांगतात. स्टाइनबेक यांच्यासारख्या लेखकाच्या हातून हे वाक्य अजाणता पडले असेल असे आम्हांला वाटत नाही. परंतु ते उच्चारून कादंबरी पुढे जाते. हुसकावलेल्यांची एवढी मोठी गाथा, आणि तिच्यात आधी हुसकावलेले मोजक्या वाक्यांचे धनी. वर्गात ही कादंबरी शिकवताना त्या वाक्यापाशी थोडे थांबायला हवे, आणि शक्य झाल्यास नकाशात पीच स्प्रिंग्ज दाखवायला हवे.

पट्टा बांधून झाला. निघालो. पंधरा-वीस मैलांवर व्हॅलेंटाइन नावाची वस्ती येते. प्रेमाच्या सणाशी तिचा संबंध नाही. इंडियन व्यवहार खात्याच्या एका आयुक्ताचे ते आडनाव. रस्त्यावरून लाल विटांची एक मोठी दुमजली इमारत दिसते. १९०३ ते १९३७ या काळात ही हुआलापाय मुलांना घरापासून तोडून, त्यांची भाषा सोडवून ‘सुधारण्याची’ निवासी शाळा होती. म्हणजे १९३५ च्या सुमारास ओक्लाहोमाचे ट्रक इथून खडखडत जात, तेव्हा खिडक्यांतून मुले ते पाहत असली पाहिजेत. आमच्या अकरा मोटारसायकली ताशी नव्वद किलोमीटरने तिच्यावरून गेल्या. पुढचे हॅकबेरीचे जुने दुकान मात्र प्रत्येकाच्या यादीत होते. १९७८ मध्ये बंद पडलेले हे दुकान १९९२ मध्ये बॉब वॉल्डमायर या भटक्या चित्रकाराने पुन्हा उघडले. आत-बाहेर गंजक्या पाट्या, जुने पंप, एक लाल गाडी. तिथे पाऊण तास गेला. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

किंगमनला जेवण. २९ मार्च १९३९ रोजी नट क्लार्क गेबल आणि नटी कॅरोल लोम्बार्ड यांनी या गावी गुपचूप येऊन लग्न केले, हे इथे अजून सांगतात. सोळा दिवसांनी स्टाइनबेक यांची कादंबरी बाहेर पडली. रस्ता एकच, त्यावरून नट-नटी आणि निर्वासित एकाच मोसमात जात होते. १९४६ मध्ये बॉबी ट्रूप यांनी या रस्त्यावर गाणे रचले आणि नॅट किंग कोल यांनी ते गाजवले. गाण्यातल्या गावांच्या यादीत किंगमन आहे. पण त्या काळी या रस्त्यावरील कितीतरी मोटेलांत कोल यांच्यासारख्या कृष्णवर्णीय प्रवाशाला खोली मिळत नसे. म्हणून तर हार्लेमचे टपालवाटप करणारे व्हिक्टर ग्रीन १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी सुरक्षित मुक्कामांची पुस्तिका छापत होते. उपाहारगृहात तेच गाणे लागले होते आणि आमच्या मेजावरचे सर्वजण ठेका धरत होते. आम्हीही धरला. गाणे चांगले आहे.

दुपारी सिटग्रीव्हज खिंड. दिवसातला मोटारसायकलींचा खरा भाग हाच, आणि इथे आम्ही इतिहास विसरलो हे कबूल करण्यात संकोच नाही. सुमारे साडेतीन हजार फुटांवरची ही खिंड, एकामागून एक तीव्र वळणे, कडेला कठडा नाही, खाली सरळ घळ. १९५२ पर्यंत मुख्य महामार्ग इथूनच जाई. जुन्या फोर्ड गाड्यांत पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे आपल्या वजनाने उतरत असे, त्यामुळे मोठ्या चढावर ते पोचेनासे व्हायचे; शिवाय उलटा गिअर सर्वांत ताकदीचा. म्हणून चालक गाडी फिरवून खिंड उलटी चढत. ज्यांची छाती होत नसे ते पैसे मोजून गाडी ओढून नेत. समोर दरी न बघता, आलेल्या रस्त्याकडे तोंड करून चढणाऱ्या त्या गाड्यांचे चित्र आम्हांला दिवसभर सोडत नव्हते.

खिंडीपलीकडे ओटमन. १९१५ नंतर सोने सापडून हे गाव वर्षभरात काही हजार वस्तीचे झाले, १९२४ मध्ये मोठी खाण बंद पडली, आणि खाणकामगारांनी सोडलेल्या गाढवांची पिलावळ आज रस्त्याच्या मधोमध उभी राहून पर्यटकांकडे खाऊ मागते. ठरलेल्या वेळी दोन माणसे कमरेला पिस्तुले लावून खोटी चकमक करतात. ती पाहताना आमचे लक्ष गावाच्या नावाकडे गेले. ऑलिव्ह ओटमन ही १८५१ साली स्थलांतरितांच्या गाडीवर झालेल्या हल्ल्यात पकडली गेलेली मुलगी. पकडणाऱ्यांनी तिला पुढे मोहावे लोकांकडे दिले. त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे तिची हनुवटी गोंदली. १८५६ मध्ये ती परत आली. दुसऱ्याच वर्षी रॉयल स्ट्रॅटन या धर्मोपदेशकाने तिच्यावर पुस्तक लिहिले आणि ते धडाक्याने खपले. त्यात मोहावे हे रानटी आहेत. तिची स्वतःची मोहावे लोकांविषयीची भावना काय होती यावर अभ्यासक अजून वाद घालतात, कारण तिचा आवाज उपदेशकाच्या आवाजाखाली दबलेला आहे. दुकानांतून मिळणाऱ्या पोस्टकार्डांवर तिचे छायाचित्र आहे: बंद गळ्याचा पोशाख आणि हनुवटीवर निळ्या रेघा. या रस्त्यावरील गावांची नावे वाचत गेले तर पेढीवाला, रेल्वेचा सर्वेक्षक, सरकारी आयुक्त आणि पकडली गेलेली गोरी मुलगी अशी मालिका मिळते.

सूर्य कलल्यावर नदीकाठचे टोपॉक आले. इथे १९१६ सालचा पांढरा कमानी पूल आहे. जोड कुटुंबाने, म्हणजे तशा हजारो कुटुंबांनी, कोलोरॅडो ओलांडली ती याच्यावरून. जॉन फोर्ड यांच्या १९४० च्या चित्रपटात तो दिसतो. १९४७ मध्ये वाहतूक दुसरीकडे वळवली आणि आता त्या कमानीवरून माणसांऐवजी नैसर्गिक वायूची नळी नदी पार करते. वाटाड्याने ताफा थांबवून दोन सूचना केल्या. एक, हेल्मेट घाला. अ‍ॅरिझोनात प्रौढांना त्याची सक्ती नाही, कॅलिफोर्नियात आहे. दिवसभर उघड्या डोक्याने केस उडवत आलेल्या मंडळींनी मुकाट्याने हेल्मेटे चढवली. दुसरी, जवळ फळे असतील तर आत्ताच खाऊन टाका. पलीकडे शेतकी तपासणीचे नाके आहे, कीड येऊ नये म्हणून फळे आत नेऊ देत नाहीत.

कॅलिफोर्नियाच्या सीमेवर अडवणूक ही जुनी प्रथा आहे. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपल्या हद्दीपासून शेकडो मैल दूर, राज्याच्या सोळा प्रवेशमार्गांवर १३६ शिपाई पाठवले. ज्यांच्या खिशात पैसे दिसणार नाहीत त्यांना परतवण्याचा हुकूम होता. ही नाकेबंदी काही आठवडेच टिकली. पण निर्धन माणसाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरवणारा कायदा होता, आणि तो वापरला गेला. मेरिसव्हिल गावच्या फ्रेड एडवर्ड्‌स याने टेक्सासमधल्या आपल्या बेकार मेव्हण्याला गाडीत घालून घरी आणले, म्हणून त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली; ती स्थगित ठेवली गेली. त्याचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ नोव्हेंबर १९४१ रोजी तो कायदा रद्द झाला. बहुमताच्या निकालपत्राने हा प्रश्न राज्याराज्यांतील व्यापाराच्या कलमाखाली सोडवला. एका न्यायमूर्तीला ते पसंत नव्हते. माणसाचे जाणे-येणे गुरांच्या किंवा मालाच्या वाहतुकीच्या पंक्तीला बसवू नये, तो नागरिकत्वाचाच हक्क आहे, अशा आशयाचे स्वतंत्र निकालपत्र त्याने जोडले. त्याचे नाव विल्यम डग्लस. बरोबर चौदा दिवसांनी त्याच डग्लस यांनी पीच स्प्रिंग्जच्या लोकांचा निकाल लिहिला.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत नाही. एक नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतो, दुसरा आदिवासींच्या हक्कांविषयीच्या. पण ते एकाच रस्त्याचे आहेत. हुआलापाय भटके आहेत असे म्हणून त्यांची जमीन काढून घेण्यात आली होती. ओक्लाहोमाची माणसे भटकी आहेत असे म्हणून त्यांना सीमेवर अडवण्यात आले होते. स्टाइनबेक यांनी १९३६ मध्ये या मजुरांवर वृत्तपत्रात लेखमाला लिहिली तेव्हा तिच्या शीर्षकात त्यांना ‘जिप्सी’च म्हटले होते, अर्थात सहानुभूतीने. एकाला निघण्याचा हक्क हवा होता, दुसऱ्याला राहण्याचा. आणि आज त्याच पट्ट्यावर भटकणे ही अशी चैन आहे की तिच्यासाठी मोटारसायकलचे दिवसाचे भाडे, विमा आणि वाटाड्याचे मानधन आगाऊ भरावे लागते. ‘भटका’ हा शब्द कोणासाठी शिवी आणि कोणासाठी बिरुद, हे ठरवणारा हिशेब रस्त्याच्या कडेच्या एकाही पाटीवर मांडलेला नाही.

आमच्याजवळ विल्यम्सच्या न्याहारीतून उचललेले एक संत्रे होते. मित्राने आणि आम्ही ते पुलाकडे बघत, कठड्याला टेकून अर्धे अर्धे खाल्ले. साली व्हॅनमधल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. नाक्यावर गणवेशातील बाईंनी ताफ्याकडे एकवार पाहिले, पहिल्या मोटारसायकलवर वाटाड्याला ओळखून हसल्या आणि अकराच्या अकरांना हाताने पुढे जाण्याची खूण केली. मागची व्हॅन तेवढी थांबवली. तिच्यातल्या शीतपेटीत कोणाचे तरी एक सफरचंद निघाले, ते ठेवून घेतले, आणि काळोख पडता पडता आम्ही नीडल्सच्या मुक्कामी पोचलो.